फोनवरून कॅमेऱ्याकडे: विकत घेण्याआधी स्वतःची तयारी कशी तपासायची

बहुतेक जण पहिला कॅमेरा उलट्या क्रमाने घेतात. आधी मॉडेल ठरतं, मग हप्ता ठरतो आणि कॅमेरा घरी आल्यावर त्याने नक्की काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. दिवाळीच्या ऑफरमध्ये दोन लेन्सचा संच घेतलेले कितीतरी जण उन्हाळ्यापर्यंत पुन्हा फोनवरच फोटो काढताना दिसतात. त्यांची आवड खोटी नव्हती. फोनवर नेमकं काय अडतंय हे त्यांनी तपासलेलंच नव्हतं, म्हणून घेतलेल्या यंत्राने त्यांची अडचण सुटली नाही.

खालचा क्रम दीड-दोन महिन्यांचा आहे. कॅमेरा म्हणजे इथे लेन्स बदलता येणारा मिररलेस किंवा डीएसएलआर (डीएसएलआरमध्ये आत आरसा असतो, मिररलेसमध्ये नसतो). क्रम मोडू नका, कारण प्रत्येक टप्प्याचं उत्तर पुढच्या टप्प्याला लागतं. मॉडेलचा विचार सातव्या टप्प्यावर येतो. तोपर्यंत यूट्यूबवरचे तुलनेचे व्हिडिओ पाहू नका, अशी मनापासून विनंती आहे.

## टप्पा १: फोन नीट तयार करा

आहे त्या फोनची पूर्ण ताकद वापरली नसेल, तर पुढची सगळी तपासणी फसते. म्हणून आधी एवढं करा:

१. फोनची लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. खिशातल्या फोनच्या लेन्सवर तेलकट थर असतोच. रात्री दिव्यांभोवती दिसणारी धूसर वलयं आणि पांढुरके फोटो यांचं कारण बऱ्याचदा तोच असतो.

२. ब्यूटी फिल्टर बंद करा, ग्रिड सुरू करा आणि फोटो पूर्ण आकारात साठवले जातात ना ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवरून परत आलेला फोटो तपासणीला घेऊ नका. तिथे फाइल दाबून लहान केलेली असते.

३. शटर स्पीड (उजेड किती वेळ आत घ्यायचा; १/१००० म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग) आणि आयएसओ (आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा) हाताने बदलता येतील अशी सोय शोधा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये प्रो मोड असतो. नसेल तर ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप अनेक फोनवर ती सोय देतं. आयफोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर स्पीड हाताने ठरवता येत नाही, त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागतं.

४. एक छोटी वही घ्या. फोनमधल्या नोट्सही चालतील, पण कागदावर लिहिलेलं शेवटी एका नजरेत समोर राहतं.

इशारा: बोटांनी पडदा ताणून केलेला झूम या काळात वापरू नका. मुख्य लेन्सच्या पलीकडे फोनमध्ये लांबचं जवळ दाखवणारी वेगळी टेलिफोटो लेन्स असेल तर ती जरूर वापरा. बाकीचा झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं.

## टप्पा २: अडलेल्या फोटोंची वही

चार आठवडे रोज फोटो काढा. मनात होता तसा फोटो आला नाही, की त्याची नोंद करा. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी हव्यात: काय टिपायचं होतं, उजेड कुठून येत होता, तुम्ही कुठे उभे होता आणि फोटोत नेमकं काय बिघडलं. ‘फोटो चांगला आला नाही’ ही नोंद नव्हे. ‘शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलीचा चेहरा स्पष्ट, पण हात हललेले, हॉलमधले पिवळे दिवे, मी पाचव्या रांगेत’ ही नोंद झाली.

सर्वसाधारण घरातल्या वहीत साधारण अशा नोंदी येतात:

- आजी खिडकीपाशी बसली होती, मागे ऊन, चेहरा काळा पडला.
- ताटाचा फोटो पिवळट आला, वरणभातही केशरी दिसला.
- मैदानावर धावणारं पोरगं प्रत्येक फोटोत पुसट.
- भिगवणला होडीतून फ्लेमिंगो काढले, फोटोत गुलाबी ठिपके.
- पोर्ट्रेट मोडमध्ये केसांच्या कडा कापल्यासारख्या, चष्म्याची काडी गायब.
- विसर्जन मिरवणुकीत गुलालाचा रंग आला, पण ढोल वाजवणाऱ्याचा हात नुसता धूर.

कारण आत्ता लिहू नका, ते पुढच्या टप्प्याचं काम आहे. घाईने कारण लिहिणाऱ्यांच्या वहीत प्रत्येक ओळीपुढे ‘फोन साधा आहे’ एवढंच येतं आणि मग वहीचा काही उपयोग राहत नाही.

तपासा: चार आठवड्यांनी किमान पंधरा-वीस नोंदी आहेत का? नसतील तर फोटोच पुरेसे निघालेले नाहीत. उद्या महाग कॅमेरा हातात आला तरी ते वाढतील याची खात्री नाही. आणखी महिनाभर वही चालू ठेवा, पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: कारणं वेगळी करा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. खरा निर्णय इथेच होतो.

प्रत्येक नोंदीसमोर पाचपैकी एक कारण लिहा: उजेड, जागा, वेळ, हात, यंत्र. पण लिहिण्याआधी तो फोटो फोननेच पुन्हा काढून बघा. पुन्हा काढल्यावर सुधारला, तर यंत्र दोषी नव्हतं.

आजीचा फोटो घ्या. खिडकी तिच्या मागे होती. तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे राहिलात आणि आजीला तुमच्याकडे वळून बसायला सांगितलंत, की चेहऱ्यावर मऊ उजेड पडतो. ते शक्य नसेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी वर सरकवा. बाहेरचं आभाळ पांढरं होईल, होऊ द्या. कारण: जागा.

पिवळं ताट. स्वयंपाकघरात पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र चालू असतात. कुठला रंग खरा धरायचा हे फोनला ठरवता येत नाही आणि महागड्या कॅमेऱ्यालाही येत नाही. एक दिवा बंद करा किंवा ताट दिवसा खिडकीशी न्या. कारण: उजेड.

मैदानावरचं पोरगं. दुपारच्या उन्हात शटर स्पीड १/१००० वर ठेवून फोननेच पुन्हा काढा. पुसटपणा गेला तर कारण हात, म्हणजे सेटिंग. संध्याकाळी सहा वाजता तोच फोटो १/१००० वर काढल्यावर रवाळ आणि चिखलासारखा आला, तर मात्र यंत्र.

आता स्नेहसंमेलन. नाचणारा हात स्थिर दिसायला १/२५० किंवा त्याहून जलद शटर लागतो. हॉलच्या दिव्यात तेवढ्या कमी वेळात पुरेसा उजेड आत येत नाही, म्हणून फोन स्वतःहून शटर मंद करतो. एरवी कमी उजेडात फोन अनेक फोटो भराभर काढून एकावर एक रचतो, त्यामुळे स्थिर वस्तू सुंदर येतात. हलणाऱ्या माणसावर ती युक्ती चालत नाही. कारण: यंत्र.

इथेच सर्वांत महाग चूक होते. ‘यंत्र’ असं उत्तर आलं, की लोक कॅमेरा आणि त्याच्यासोबत मिळणारी १८-५५ किट लेन्स (आकडे मिलिमीटरचे; आकडा वाढला की लांबचं जवळ दिसतं) घेऊन हॉलमध्ये जातात आणि निराश होतात. याचा हिशोब नीट समजून घ्या.

सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर (उजेड टिपणारा भाग) साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर साधारण ९.८ × ७.३ मिलिमीटरचा, सुमारे ७२ चौरस मिलिमीटर. फरक पाचपट आहे. पण फोनची लेन्स बहुधा एफ/१.८ च्या आसपास उघडी असते (एफ आकडा लहान, तितकं उजेड आत येण्याचं भोक म्हणजे अ‍ॅपर्चर मोठं), तर किट लेन्स रुंद टोकाला, म्हणजे १८ वर, एफ/३.५ वर थांबते. अ‍ॅपर्चर अरुंद झालं की उजेड झपाट्याने घटतो, आणि पाचपटीतून हाती राहतो तो फोनच्या सव्वा ते दीडपट उजेड. झूम करून ५५ वर गेलात की लेन्स एफ/५.६ होते. लांबच्या चेहऱ्यातले बारकावे तिथे फोनपेक्षा नक्कीच चांगले येतात, पण १/२५० साठी आयएसओ ६४०० पर्यंत चढवावा लागतो आणि फोटो रवाळ होतो. त्याच बॉडीवर (म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स लावली, तर एफ/५.६ च्या जवळपास दहापट उजेड येतो. ६४०० च्या जागी साधारण ६४० ते ८०० आयएसओ पुरतो.

म्हणजे या माणसाला खरी गरज आहे ती उजळ लेन्सची. बॉडी त्या लेन्ससाठी घ्यायची. हे आधी कळलं तर पैसे योग्य जागी जातात.

भिगवणच्या फ्लेमिंगोंचं कारणही यंत्रच, पण वेगळ्या प्रकारचं: तिथे लांब फोकल लेंग्थ, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स हवी. होडी पक्ष्यांच्या आणखी जवळ न्यायचा आग्रह नावाड्याकडे धरू नका. चरणारा थवा उठवून मिळालेला फोटो हा चांगला फोटो नव्हे, आणि होडी ठरावीक अंतरावर थांबवणारा नावाडी बरोबरच करत असतो.

तपासा: पुन्हा फोटो काढून झाल्यावर ‘यंत्र’ या कारणाच्या किती नोंदी उरल्या ते मोजा. माझ्या मते एकूण नोंदींपैकी एक तृतीयांश तरी उरल्या आणि त्यातल्या बहुतेक एकाच प्रकारच्या असल्या (सगळ्या कमी उजेडातल्या हालचालीच्या, किंवा सगळ्या लांबच्या पक्ष्यांच्या), तर पुढे जावं. दोन पक्ष्यांच्या, एक रात्रीची, एक फुलाची अशा विखुरलेल्या असतील तर थांबावं. कोणती लेन्स घ्यायची हे अशा वहीतून कळत नाही.

## टप्पा ४: तीन कसोट्या, हाताने

कॅमेरा घेऊन कायम ऑटोवर ठेवायचा असेल तर चांगला फोन बरा पडतो. म्हणून आधी फोनवरच बघा, की यंत्राने ठरवलेलं मोडून स्वतः काही ठरवता येतं का.

नळाची धार. दुपारी अंगणातल्या किंवा गॅलरीतल्या नळाची धार १/१००० वर टिपा, संध्याकाळी बेसिनची धार १/१५ वर, फोन कशाला तरी टेकवून. बटण दाबण्याआधी थेंब दिसतील की दोरा दिसेल, आयएसओ वाढवावा लागेल की कमी करावा लागेल, हे मोठ्याने सांगा. पाचपैकी चार वेळा अंदाज बरोबर आला पाहिजे.

पांढरा सदरा, काळी छत्री. दोन्ही वेगवेगळे, संपूर्ण फोटो भरेल इतक्या जवळून ऑटोवर काढा. सदरा राखाडी येईल आणि छत्रीही राखाडी येईल, कारण उजेड मोजणारी यंत्रणा सगळं मधल्या छटेकडे ओढते. आता एक्सपोजर कॉम्पेन्सेशनने (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सोय) सदरा पांढरा करा (साधारण +१) आणि छत्री काळी (साधारण -१). नऊवारीतल्या नवरीचा उजळ शालू राखाडी का आला, हे लग्नात कुणी सांगायला येत नाही. इथेच समजून घ्या.

एक वस्तू, वीस फोटो. तुळशीवृंदावन, सायकल, रिकामी खुर्ची, काहीही. झूम नाही, फिल्टर नाही, फक्त तुम्ही हलायचं. खाली बसा, वरून बघा, मागे जा, उजेडाच्या विरुद्ध बाजूला जा. दहाव्या फोटोनंतर कंटाळा येईल, पण बघायला शिकणं सुरू होतं ते त्यापुढेच.

इशारा: अ‍ॅपर्चर फोनवर शिकता येत नाही. जवळपास सगळ्या फोनच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर ठरलेलं असतं. पोर्ट्रेट मोडमध्ये दिसणारा एफ आकडा सॉफ्टवेअरने पार्श्वभूमी किती पुसायची एवढंच ठरवतो. ‘मला अ‍ॅपर्चर कळलं’ असं त्यावरून धरू नका.

आणखी एक. ट्यूब आणि स्वस्त एलईडीच्या उजेडात जलद शटरवर फोटोत आडवे पट्टे आले, तर फोन बिघडलेला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० वर पट्टे जातात. हेच पट्टे कॅमेऱ्यातही येतील, म्हणून आत्ताच माहीत असू द्या.

## टप्पा ५: निवडायची सवय आहे का?

याकडे जवळपास कुणीच बघत नाही, आणि कॅमेरा बंद पडून राहण्याचं मोठं कारण इथेच असतं. २४ मेगापिक्सेलच्या एका रॉ फाइलचा (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फोटोचा) आकार साधारण २५ ते ३० एमबी असतो. एका बारशाला पाचशे फोटो काढले तर पंधरा जीबीपर्यंत मजल जाते. ते कुठे ठेवणार, कोण निवडणार, कधी सुधारणार?

घरातल्या पुढच्या कार्यक्रमात फोननेच भरपूर फोटो काढा. तीन दिवसांच्या आत त्यातले वीस निवडा, स्नॅपसीडसारख्या मोफत अ‍ॅपवर नीट करा, ज्यांचे आहेत त्यांना द्या आणि मूळ फोटोंची दुसरी प्रत लॅपटॉपवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवा. उरलेल्यांतले हललेले, डोळे मिटलेले, एकसारखे फोटो पुसून टाका. पुसताना हात अडखळतो, पण ते जमलंच पाहिजे.

तपासा: आठवडा उलटला आणि फोटो फोनमध्येच पडून आहेत? मग कॅमेरा आल्यावर हेच होईल, फक्त फाइली मोठ्या असतील. पुढच्या कार्यक्रमाला हाच टप्पा पुन्हा करा. घरात लॅपटॉप किंवा संगणक नसेल तर तो खर्च आधी धरा. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे रॉ फाइलींसाठीचे प्रोग्राम मोफत आहेत, त्यामुळे सुरुवातीला सॉफ्टवेअरवर पैसे घालायची गरज नाही.

## टप्पा ६: शनिवार-रविवार भाड्याचा कॅमेरा

मोठ्या शहरांत कॅमेरे भाड्याने देणारी दुकानं आहेत. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. एपीएस-सी सेन्सरची साधी मिररलेस बॉडी, किट लेन्स आणि तुमच्या वहीने मागितलेली एक लेन्स एवढंच आणा. दुकानदार मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम बॉडी थोड्या जास्त भाड्यात देऊ करेल. घेऊ नका, कारण तुम्ही जे विकत घेणार तेच तपासायचं आहे.

ताब्यात घेताना लेन्सच्या दोन्ही काचा, बॉडीवरचे ओरखडे आणि माउंट (लेन्स बसते ती कडी) यांचे फोनने फोटो काढा, दुकानदारासमोरच. परत देताना वाद होत नाही.

पहिल्या दिवशी वहीतले ‘यंत्र’वाले फोटो पुन्हा काढा. स्नेहसंमेलन रोज नसतं, पण घरात संध्याकाळी दिवे लावून नाचणारी भाची चालेल. किट लेन्स आणि उजळ लेन्स दोन्हीने काढा, लॅपटॉपवर शेजारी ठेवून बघा, घरच्यांनाही दाखवा.

दुसऱ्या दिवशी नेहमीचा दिवस जगा, फक्त कॅमेरा गळ्यात ठेवून. भाजी मंडई, देऊळ, मित्राचं घर. कॅननच्या ईओएस आर५० सारखी छोटी बॉडी आणि तिची १८-४५ लेन्स मिळून वजन अर्ध्या किलोच्या आसपास जातं. उलट सोनीची २००-६०० लेन्स एकटीच दोन किलोंहून जड आहे. पक्ष्यांचं वेड असेल तर ते वजन दिवसभर खांद्यावर घेऊन बघायलाच हवं. लोकांसमोर कॅमेरा उचलायला संकोच वाटतो का, हेही याच दिवशी कळतं. वाटला तर घाबरू नका, तो सवयीने जातो. पण कॅमेरा दिवसभर बॅगेतच राहिला आणि तुम्ही फोनच काढत राहिलात, तर ते प्रामाणिकपणे वहीत लिहा.

गावात भाड्याची सोय नसेल, तर ओळखीच्या स्टुडिओवाल्या दादांना विचारा आणि एका लग्नात त्यांच्यासोबत मदतनीस म्हणून उभे राहा. बॅटऱ्या सांभाळा, दिवा धरा. बहुतेक जण रिकाम्या वेळात कॅमेरा हातात देतात, आणि दिवसभर शेजारी उभं राहून दिसतं ते कुठल्या व्हिडिओत दिसत नाही.

तपासा: भाड्याच्या कॅमेऱ्यावर वहीतले ‘यंत्र’वाले निम्म्याहून जास्त फोटो सुटले का? कॅमेरा परत करताना चुकचुकलं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे.

## टप्पा ७: पूर्ण खर्च मांडा, मग मॉडेल

हातातल्या रकमेचे तीन भाग करा. दोन भाग बॉडी आणि लेन्ससाठी, तिसरा बाकीच्या सामानासाठी: दुसरी बॅटरी, दोन मेमरी कार्डं (वेगाची व्ही३० खूण असलेली, खात्रीच्या दुकानातून, नकली कार्डं सर्रास मिळतात), प्रती ठेवायला हार्ड डिस्क, साधी बॅग आणि दमटपणापासून बचाव.

दमटपणाचं जरा सविस्तर सांगायलाच हवं. कोकण, मुंबई, गोवा इथे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते आणि लेन्सच्या आत बुरशी धरते. एकदा मुळं काचेच्या थरात गेली की पूर्ण साफ होत नाही. घट्ट झाकणाचा, रबरी कडीचा प्लास्टिक डबा, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि एक छोटा आर्द्रतामापक पुरतो. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. कातडी कव्हर आणि लाकडी कपाट टाळा, दोन्ही ओल धरतात. डब्यात तांदूळ घालू नका, त्यांची भुकटी बॉडीत जाते. सिलिका जेलचा रंग बदलला की ते गरम करून कोरडं करून पुन्हा वापरा. वातानुकूलित गाडीतून उतरताच बॅग उघडली तर लेन्सवर आतून-बाहेरून वाफ धरते. अर्धा तास बॅग बंदच राहू द्या.

आता मॉडेल. वहीत जे अडलं, त्यावरून आधी लेन्स ठरवा:

- घरातली मुलं, कार्यक्रम, कमी उजेड: ३५ किंवा ५० मिलिमीटर एफ/१.८. एपीएस-सीवर ५० ची लेन्स ७५-८० सारखी दिसते, त्यामुळे दोन खोल्यांच्या घरात भिंतीला पाठ लागते. घरासाठी ३५ बरी.
- पक्षी, प्राणी: सुरुवातीला ५५-२५० किंवा ७०-३००. छोट्या पक्ष्यांना याहून लांब लेन्स लागते, हे आधीच मान्य करा.
- गड-किल्ले, निसर्ग: किट लेन्स आणि ट्रायपॉड. यातल्या पुष्कळांना फोन पुरतो, आणि हे सांगताना मला काही गैर वाटत नाही.
- घरगुती व्यवसायाचे पदार्थ, दागिने: आधी ट्रायपॉड आणि खिडकीचा उजेड. बहुतेकांची गरज तिथेच भागते.

लेन्स ठरली की तिला साजेशी, परवडणारी बॉडी. कॅनन आणि निकॉनचा नव्या लेन्सचा भर आता मिररलेसवर आहे, म्हणून नवीन घेताना मिररलेस घ्या. पैसे कमी असतील तर वापरलेला डीएसएलआर आजही उत्तम शिकवतो. मात्र निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. तिथे स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्या, जुन्या एएफ-डी लेन्सवर फोकस हाताने फिरवावा लागतो.

इशारा: ‘लग्नाच्या ऑर्डरी मिळतील आणि हप्ते फिटतील’ या भरवशावर कर्ज काढू नका. लग्नाच्या कामाला दोन बॉडी, दिवे आणि अनुभव लागतो. पहिला कॅमेरा शिकण्याचा आहे.

## टप्पा ८: दुकानात आणि सेकंड हँड घेताना

नवीन घेताना सीरियल नंबर लिहिलेलं जीएसटीचं बिल आणि कंपनीचं भारतातलं वॉरंटी कार्ड मागा. बरंच स्वस्त मिळतंय पण बिल नाही, याचा अर्थ बहुधा ग्रे मार्केटचा, म्हणजे कंपनीच्या अधिकृत मार्गाने न आलेला माल. मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि बॉक्सवरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवून बघा.

सेकंड हँड असेल तर स्वतःचं मेमरी कार्ड, टॉर्च आणि शक्यतो लॅपटॉप घेऊन जा. मग याच क्रमाने:

१. लेन्स काढा, एका बाजूने टॉर्च मारा, दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. कितीही स्वस्त असली तरी सोडा, दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवायलाही ती धोक्याची.

२. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून लॅपटॉपवर मोठा करा. दोन-चार ठिपके म्हणजे धूळ, ती साफ होते. रेघ म्हणजे ओरखडा.

३. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडा, बघा. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये तो नोंदलेला असतो. सुरुवातीच्या श्रेणीतल्या बॉडींचं शटर साधारण १ लाखासाठी तपासलेलं असतं. ८० हजार झालेली बॉडी चालेल, पण भाव तसा हवा.

४. लेन्सचं सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर ठेवून जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर फोकस करा. घरघर किंवा अडखळणं नको.

५. कार्डाचा खण, बॅटरीचं झाकण, फ्लॅशची खाच, माउंटचे स्क्रू. स्क्रूंची डोकी झिजलेली असतील तर कुणीतरी उघडलं आहे.

## मुलामुलींसाठी घेत असाल तर

वही मुलाने किंवा मुलीने स्वतः भरायची, तुम्ही नाही. वयाची अट मी घालत नाही. चौदा वर्षांची मुलगी वही नीट भरत असेल, तर ती चाळिशीतल्या हौशी माणसापेक्षा जास्त तयार आहे. कॅमेरा दहावीच्या मार्कांना बांधू नका. मार्क मिळाले म्हणून घेतलेला कॅमेरा बक्षीस म्हणून मिरवला जातो, आणि मार्क हुकले म्हणून नाकारलेला कॅमेरा खरी आवड मारून टाकतो. वहीत तयारी दिसली तर घ्या, नाही दिसली तर कारण दाखवून थांबा.

## टप्पा ९: पहिला महिना

एकच लेन्स बॉडीवर ठेवा. मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (भोक तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो), म्हणजे ज्या एका गोष्टीचा सराव फोनवर झाला नाही तिचाच आता होईल. फाइल रॉ आणि जेपीजी दोन्ही. ऑटो आयएसओ सुरू ठेवा, वरची मर्यादा ६४००. मुलं किंवा कार्यक्रम असेल तर किमान शटर स्पीड १/२५० लावून ठेवा. फोकसचा बिंदू एकच निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. कॅमेऱ्यात डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो सुरू करा.

दर रविवारी कार्ड रिकामं करा: आधी दोन ठिकाणी प्रती, मग दोन्हीकडचे पाच-सहा फोटो उघडून खात्री, आणि मगच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट. लॅपटॉपवर फॉरमॅट करू नका, आणि प्रत एकाच ठिकाणी असेल तर फॉरमॅटचं बटण दाबूच नका.